बोलकी दुर्बीण घरी नेताय? पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

नेरुळच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर, पूर्वी जिथे सायकली ठेवायचे त्या खोलीत, आम्ही खेळण्यांचं वाचनालय चालवतो. पुस्तकं नेतात तशी मुलं आठवड्यासाठी खेळणी घरी नेतात. सगळ्यात जास्त मागणी बोलक्या दुर्बिणीला. जाडसर नळी, तिपाई, डोळे टेकवायला मोठी भिंगं आणि बटण दाबलं की ग्रहाची माहिती सांगणारी बाई. दोनच नग आहेत आणि दोन्हींसाठी नंबर लागलेले असतात. नेणारे आईवडील आणि आजीआजोबा जे विचारतात ते बहुतेक तेच ते असतं. दर रविवारी सांगून माझा घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं. शाळेत विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे कुठे कुठे लांबण लागेल.

यातून खरा चंद्र दिसतो का?

नाही. चंद्र सोडा, समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकीही दिसत नाही. नळीच्या आत चित्रांची चकती आहे, तिच्यामागे बारीक दिवा आणि डोळ्यांपुढे भिंग. भिंगामुळे वीतभर अंतरावरचं चित्र लांबचं आणि मोठं वाटतं. कडं फिरवलं की पुढचं चित्र येतं. कोणतं चित्र समोर आहे हे आतल्या चिपला कळतं आणि त्याचंच रेकॉर्डिंग वाजतं. जत्रेतल्या बायोस्कोपच्या भोकाला ज्यांनी डोळा लावला असेल, त्यांना जास्त सांगायला नको.

गडबड करतो तो खोका. खोक्यावरचं मूल नळी थेट आकाशाकडे रोखून उभं असतं. पहिल्याच वर्षी पाच वर्षांचा एक मुलगा कोजागिरीला बाबांबरोबर गच्चीवर दुर्बीण घेऊन गेला आणि पुढच्या रविवारी येऊन मला म्हणाला, "काकू, तुमची दुर्बीण खोटी आहे. बाथरूममध्ये पण शनीच दिसतो." बाबा कानकोंडे झाले, मी मात्र खूश. दुर्बीण खरी की खोटी हे तपासायला ती छत असलेल्या खोलीत नेऊन बघायची, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून देतानाच मी सांगते: ही चित्रांची दुर्बीण आहे. तुम्हीही मुलाला पहिल्या दिवशीच सांगा. उत्साह कमी होत नाही. खेळण्यातला स्वयंपाक खोटा असतो हे माहीत असूनही मुलं तासभर भातुकली खेळतातच की.

मग तिचा उपयोग काय?

नावं आणि चेहरे ओळखीचे होतात. कडं असलेला तो शनी, पट्ट्यापट्ट्यांचा तो गुरू, तांबूस तो मंगळ. ओळख झाली की प्रश्न सुरू होतात, आणि प्रश्न सुरू झाले की बाल्कनीत जायचं. आमच्याकडचा नियम असा: दहा मिनिटं दुर्बीण, मग दहा मिनिटं खरं आकाश, मग काहीही दिसो वा न दिसो.

दुसरा उपयोग पावसाळ्यातला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नवी मुंबईचं आकाश म्हणजे ओला करडा कपडा. त्या चार महिन्यांत खरी, महागडी दुर्बीण कपाटात बसते आणि ही मात्र रोज चालते.

कितव्या वर्षी द्यावी?

चार ते सात. तीनच्या आतल्या मुलांना नको, सुटे भाग तोंडात जातात. आठच्या पुढची मुलं दोन दिवसांत सगळं पाठ करतात आणि तिसऱ्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर मागतात. मला ते आवडतं, पण वाचनालयाच्या दुर्बिणीवर नको.

ती इंग्रजीत बोलते. आमचं मूल मराठी शाळेत आहे, त्याला कळेल का?

सगळं कळणार नाही आणि अडणारही नाही. मुलं आधी सूर पकडतात, मग शब्द. पण एक काम तुम्ही करायचं: प्रत्येक चित्राला मराठी नाव द्यायचं. इथे आपलं मूल जरा पुढेच असतं, कारण मराठीत ग्रह आठवड्याच्या वारांतच बसलेले आहेत. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. सोम म्हणजे चंद्र, रवी म्हणजे सूर्य. सात वार म्हणता म्हणता नुसत्या डोळ्यांनी दिसणारे पाचही ग्रह आणि सूर्यचंद्र म्हणून होतात. दुर्बिणीतल्या बाईंचं 'ज्युपिटर' ऐकल्यावर "म्हणजे आपला गुरुवारचा गुरू" एवढं म्हणा, मूल विसरत नाही.

ताऱ्यांचंही तसंच. ओरायन म्हणजे मृग, त्याच्या मागे येणारा सिरियस म्हणजे व्याध, प्लायडीज म्हणजे कृत्तिका, अँड्रोमेडा म्हणजे देवयानी. आजीआजोबा घरात असतील तर हे काम त्यांच्याकडे सोपवा. मृग नक्षत्र लागलं की पाऊस, हे त्यांना तोंडपाठ असतं. फक्त एवढं सांगून ठेवा की 'मृग लागला' म्हणजे सूर्य त्या नक्षत्राच्या भागात आला. म्हणून जूनमध्ये मृग रात्री दिसत नाही, तो बघायचा तर डिसेंबर ते मार्चच्या संध्याकाळी.

काही पालक दुर्बीण 'इंग्रजी सुधारायला' नेतात. न्या. पण बाई बोलून झाल्यावर मुलाला "काय म्हणाली, सांग आता" असं विचारा आणि उत्तर मराठीत येऊ द्या. तिथे उच्चार सुधारत बसलात की आकाश संपलं आणि शिकवणी सुरू झाली.

मैल, मिलियन, फॅरनहाइट... याचं काय करायचं?

खेळणं परदेशी बाजारासाठी बनवलेलं आहे, त्यामुळे मापंही तिकडची. सूर्य ९३ मिलियन मैलांवर आहे, असं बाई सांगतात. एक मिलियन म्हणजे १० लाख आणि एक मैल म्हणजे साधारण १.६ किलोमीटर. सगळं मिळून होतात जवळपास १५ कोटी किलोमीटर. बिलियन म्हणजे १०० कोटी. शुक्राचं तापमान ९०० अंशांच्या आसपास ऐकलंत तर ते फॅरनहाइट. आपल्या मापात सुमारे ४६५ ते ४८०. दोन्हीत शिसं वितळतं, तेव्हा मुलासाठी 'शिसं वितळेल इतकं' पुरे.

खरं म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला १५ कोटी आणि १५ लाख सारखेच. त्यापेक्षा सोसायटीच्या आवारात जा. क्रिकेटचा चेंडू ही पृथ्वी. गोट्यांपैकी मोठी गोटी, साधारण दोन सेंटिमीटरची, हा चंद्र. गोटी चेंडूपासून किती लांब ठेवायची, ते मुलाला ठरवू द्या. सगळीच मुलं वीतभर अंतरावर ठेवतात, कारण चित्रांत तसंच असतं. खरं अंतर पृथ्वीच्या ३० व्यासांइतकं, म्हणजे आपल्या चेंडूच्या मापाने दोन मीटरांहून थोडं जास्त. सात फूट! प्रत्यक्षातलं ३,८४,४०० किलोमीटर. आणि याच मापात सूर्य हवा असेल तर अडीच मजली उंचीचा गोळा साडेआठशे मीटर दूर ठेवावा लागेल. आमच्या गेटपासून तेवढं चालत गेलो की मुलं दमतात आणि सूर्य लांब आहे हे पायांना कळतं.

आजी म्हणते नवग्रह, दुर्बीण म्हणते आठ. कोण बरोबर?

हा प्रश्न आला की मी खुर्ची ओढून बसते. दोघीही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त मोजताहेत वेगवेगळ्या गोष्टी.

जुन्या लोकांनी आकाशाकडे पाहिलं तेव्हा बहुतेक तारे एकमेकांच्या मानाने जागच्या जागी होते. काही मात्र त्यांच्यातून सरकत होते. सरकणारे ते ग्रह. सूर्य आणि चंद्र सरकतात म्हणून तेही ग्रह. अशी सात झाली: रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. राहू आणि केतू हे गोळे नाहीतच. सूर्याचा वर्षभराचा मार्ग आणि चंद्राचा मार्ग आकाशात दोन ठिकाणी एकमेकांना छेदतात, त्या दोन जागा म्हणजे राहू आणि केतू. ग्रहण होतं ते सूर्य-चंद्र या जागांच्या जवळ असतानाच. गोष्टीतला राक्षस सूर्य गिळतो, पण त्या गोष्टीच्या पोटात भूमिती आहे, आणि ती कुणीतरी नीट मोजून काढलेली आहे.

दुर्बीण मोजते ते सूर्याभोवती फिरणारे मोठे गोळे. त्यात पृथ्वी आली, सूर्य-चंद्र गेले. युरेनस १७८१ मध्ये आणि नेपच्यून १८४६ मध्ये सापडला. दोन्ही शोध दुर्बिणीमुळे. प्लूटोला २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह केलं. तुमच्या घरी जुनं खेळणं असेल आणि ते प्लूटोसकट नऊ म्हणत असेल, तर आजी जिंकल्याचा आनंद साजरा होतो. होऊ द्या.

शनीच्या चंद्रांचा आकडा पुस्तकाशी जुळत नाही. खेळणं खराब आहे का?

खेळणं ठीक आहे, ते त्याच्या काळात अडकलंय. चिपमध्ये जे बोलणं भरलं ते कायमचं. शनीचे चंद्र २०१९ मध्ये ८२ होते, २०२३ मध्ये १४६ झाले आणि मार्च २०२५ मध्ये एकदम २७४. नवीन सापडलेले चंद्र म्हणजे बहुतेक काही किलोमीटरचे दगड आहेत. मुलाला हे जरूर सांगा. विज्ञानातला आकडा बदलू शकतो, हे लहानपणीच कानावर पडलेलं बरं.

अशीच एक गोष्ट बहुतेक बोलक्या दुर्बिणींत नसते. चंद्राचं चित्र आलं की बाई सांगतात अपोलोची माणसं उतरली ती १९६९ सालची गोष्ट. त्याला तुम्ही पुढचं वाक्य जोडा: २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटं, चांद्रयान-३ चा विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरला आणि त्याच्या पोटातून २६ किलोंचा प्रज्ञान बाहेर आला. आमच्या सोसायटीत त्या संध्याकाळी हॉलमध्ये सगळे टीव्हीसमोर होते. आता दुर्बीण नेणारी मुलं तेव्हा कडेवर होती.

चित्रात तेजोमेघ, म्हणजे ताऱ्यांमधले वायू आणि धुळीचे ढग, गुलाबी-निळे दिसतात. प्रत्यक्षात कधी दिसतील?

असे कधीच नाही. ते फोटो बराच वेळ प्रकाश साठवून, वेगवेगळ्या गाळण्या लावून काढलेले असतात, आणि काहींत तर डोळ्याला न दिसणारे किरण रंगवून दाखवलेले असतात. उत्तम दुर्बिणीतूनही डोळ्याला बहुतेक ठिकाणी राखाडी धुकंच दिसतं. डोळ्याला खरे दिसणारे रंग हवे असतील तर हिवाळ्यात मृग नक्षत्रातली तांबूस काक्षी आणि निळसर पांढरा राजन्य शेजारी शेजारी बघा. दुर्बीण लागत नाही.

सूर्याकडे बघितलं तर?

इथे मी हसत नाही. या खेळण्यातून सूर्य दिसत नाही, पण नळी सूर्याकडे रोखायची सवय हाताला लागते, आणि उद्या त्याच हातात खरी दुर्बीण येणार आहे. खऱ्या दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभर पाहिलं तरी डोळ्याचा पडदा भाजतो. पडद्याला दुखण्याची जाणीव नाही, त्यामुळे भाजल्याचं त्या वेळी कळतही नाही. म्हणून नियम चित्रांच्या दुर्बिणीपासूनच: नळी सूर्याकडे कधीच नाही. गॉगल, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, यातलं काहीही चालत नाही.

सूर्य बघायचाच असेल तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि भोकातून आलेला उजेड पांढऱ्या कागदावर घ्या. ग्रहणाच्या दिवशी हाच ठिपका चंद्रकोरीसारखा होतो. आणि मे महिन्याच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या सुमाराला उभ्या बाटलीची सावली तिच्या बुडाखाली नाहीशी होते. हाच दिवस जुलैच्या अखेरीस पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांशी बोला.

आमच्या बाल्कनीतून खरं काय दिसेल?

जेवढं वाटतं त्यापेक्षा जास्त, जेवढं हवं त्यापेक्षा कमी. पाम बीचचे दिवे आणि खाडीपलीकडच्या मुंबईची आभा यांच्यात आकाशगंगा केव्हाच बुडाली. पण चंद्र, ग्रह आणि ठळक तारे कुणी बुडवू शकत नाही.

आधी बाल्कनीची दिशा ओळखा. पश्चिमेला खाडी असेल तर संध्याकाळचा शुक्र आणि कोवळी चंद्रकोर तुमची. पूर्वेला पारसिकचे डोंगर असतील तर पौर्णिमेचा चंद्र मावळतीच्या सुमाराला त्यांच्यामागून वर येताना दिसेल, आधी मोठा आणि केशरी. मोठा वाटणं हा डोळ्यांचा भास. हाताची करंगळी लांब धरून चंद्रावर ठेवा आणि रात्री डोक्यावर आल्यावर पुन्हा ठेवून बघा.

चंद्रकोर खेळण्याच्या चित्रात उभी असते, इंग्रजी सी अक्षर उलटं लिहावं तशी. आपल्याकडे, विशेषतः फाल्गुन-चैत्रात, ती होडीसारखी आडवी दिसते. एका मुलीने "आपला चंद्र पडलाय" असं सांगितलं होतं. पडलेला नाही, आपण विषुववृत्ताच्या जवळ राहतो म्हणून तसा दिसतो. चित्र काढणाऱ्याचं गाव बरंच उत्तरेला असणार.

चंद्रावरचे खड्डे बघायला पौर्णिमा सगळ्यात वाईट. उजेड समोरून पडतो, सावल्या नाहीशा होतात. शुद्ध सप्तमी-अष्टमीला उजेड आणि अंधाराच्या सीमेवर बघा, साध्या बायनॉक्युलरमधूनही खड्डे खणल्यासारखे दिसतात. कोजागिरीला दूध प्या, खड्डे आठवडाभर आधी बघून ठेवा.

ध्रुव तारा शोधायला मुलं मान पार मागे टाकतात, कारण तो डोक्यावर असेल असं वाटतं. आपलं ठिकाण १९ अक्षांशावर, म्हणून ध्रुव क्षितिजापासून १९ अंशच वर. हात लांब करून एकावर एक दोन मुठी ठेवल्या की जवळपास तेवढं होतं. उत्तरेला टॉवर उभा असेल तर विसरा. त्यापेक्षा सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला चिकटून मंद अरुंधती शोधा. चष्मा लागलाय का, हे तपासायचा आजोबांच्या काळचा दवाखाना आहे तो.

झपाझप सरकणारा, न लुकलुकणारा पांढरा ठिपका दिसला, त्याला लाल-हिरवे दिवे नसले, तर ते विमान नव्हे, अंतराळ स्थानक असू शकतं. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून साधारण दीड तासात पृथ्वीची फेरी मारतं.

आणि सगळ्यात भारी साधन भिंतीवर टांगलेलं आहे. दिनदर्शिकेत संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. उपास सोडायला घरातलं कुणीतरी बाल्कनीत उभं असतंच, त्यांच्याबरोबर मुलाला उभं करा. मग पुढचे दोन-तीन दिवस चंद्र केव्हा उगवतो ते लिहून ठेवायला सांगा. रोज सरासरी ५० मिनिटं उशीर. पंचमी-षष्ठीपर्यंत मूल झोपलेलं असतं, हरकत नाही. झोप आली हेही निरीक्षण वहीत लिहितात आमच्याकडे.

कधी लाइट गेले तर मेणबत्ती शोधण्याआधी गच्चीवर जा. महावितरणने फुकट दिलेली तारांगणाची तिकिटं ती.

समोरच्या इमारतीतून तक्रार आली, मुलगा आमच्या खिडकीत बघतो म्हणून.

त्यांना दुर्बीण हातात द्या आणि त्यात नेपच्यून बघू द्या. मुलाला मात्र सांगाच की नळी लोकांच्या घराकडे रोखायची नसते. बाल्कनीला ग्रिल नसेल तर तिपाई कठड्यापासून लांब, आणि स्टूल अजिबात नाही.

कृष्णविवर ऐकल्यापासून मुलगी रात्री घाबरते.

बाईंचा आवाज त्या चित्राला जरा जास्तच गंभीर होतो, हे खरं. तिला सांगा की कृष्णविवर व्हॅक्यूम क्लीनरसारखं लांबून ओढत नाही. फार जवळ गेलं तरच धोका, आणि आपण फार फार लांब आहोत. सूर्य विझणार का, हा त्याचा जुळा प्रश्न. सुमारे ५०० कोटी वर्षं बाकी आहेत. पाच वर्षांची एक मुलगी यावर म्हणाली, "म्हणजे दहावीनंतर." चालेल.

आवाज कमी होत नाही!

बऱ्याच खेळण्यांना आवाजाचं बटण नसतं. स्पीकरच्या जाळीवर चिकटपट्टीचे दोन थर लावा. जाताना काढू नका, पुढच्या घरालाही लागतात.

सेल कोणते, आणि पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

आमच्या दोन्ही दुर्बिणींना रिमोटमध्ये घालतो तसले तीन बारीक सेल लागतात. जुने आणि नवे मिसळू नका. बाईंचा आवाज घोगरा झाला, वाक्य अर्ध्यात अडकलं किंवा चित्राचा दिवा मंदावला, तर सेल संपत आलेत.

सेलच्या कप्प्यावर स्क्रू असतो तो असायलाच हवा. 'मुलाला सोपं जावं' म्हणून काढून ठेवू नका. ज्या खेळण्यांत चपटे बटन सेल असतात त्यांच्याबाबत तर दुप्पट जपा. तसला सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. शंका आली तरी उलटी करायला न लावता तडक मोठ्या हॉस्पिटलात.

पावसाळ्यात दुर्बीण चार दिवस वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. सेल पाझरून कप्प्यात पांढरी-हिरवट पूड जमली असेल तर मोठ्या माणसाने हातमोजे घालून, कान साफ करायच्या काडीला व्हिनेगरचा किंवा लिंबाचा थेंब लावून पुसावं आणि नीट कोरडं करावं. भिंगांवर बुरशी येते, तिला आळा म्हणून चपलांच्या खोक्यातून येणाऱ्या 'खाऊ नका' लिहिलेल्या पुड्या डब्यात टाकलेल्या आहेत. त्या डब्यातच राहू द्या आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका. भिंग टी-शर्टला पुसू नका. मागच्या जुलैत एक भिंग कुणीतरी भांड्यांच्या घासणीने चकचकीत करून आणलं. शनीला आता कडी जरा जास्तच आहेत.

आम्हाला स्वतःची विकत घ्यायची आहे. काय बघावं?

खेळण्यावर आयएसआयची खूण. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. मग चित्रं किती आहेत आणि नुसती माहिती सांगते की प्रश्नही विचारते, ते. प्रश्नवाली घ्या.

मूल सात-आठ वर्षांचं असेल तर त्याच पैशांत थोडे घालून बायनॉक्युलर घ्या, असं मी स्पष्ट सांगते. दहा बाय पन्नासचा, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारा आणि पुढची भिंगं पन्नास मिलिमीटरची, असेल तर उत्तम, फक्त लहान हाताला जड, म्हणून कठड्यावर उशी ठेवून टेकवायचा. त्यातून गुरूचे चार चंद्र दिसतात. गॅलिलिओला जानेवारी १६१० मध्ये दिसले तेच. त्याच वर्षी त्याने शनीही पाहिला आणि तो तीन गोळ्यांचा असावा असं त्याला वाटलं. ते कडं आहे हे ख्रिस्तियान हायगेन्सने १६५९ मध्ये जाहीर केलं. तुमच्या मुलाला शनीचं कडं चित्रात आधीच माहीत आहे, गॅलिलिओला माहीत नव्हतं, ही गोष्ट त्याला सांगून बघा.

'पाचशे पट मोठं दाखवते' असं लिहिलेल्या स्वस्त दुर्बिणी घेऊ नका. पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जेवढा, त्याच्या दुपटीपलीकडे मोठं करून फायदा नसतो. ५० मिलिमीटरला १०० पट, संपलं. त्यापुढे मोठं दिसतं ते धुकं. लटपटती तिपाई असेल तर तेही नाही.

मुलाला आता गोडी लागलीय. कुठे न्यावं?

वरळीचं नेहरू तारांगण, १९७७ पासून आहे. हार्बरने कुर्ला, तिथून दादर, मग बस. मराठी खेळ कोणत्या वेळेला ते आधी विचारून निघा, नाहीतर दुर्बिणीतल्या बाईच पुन्हा भेटल्यासारखं होईल. जवळच नेहरू विज्ञान केंद्र आहे, दोन्ही एका दिवसात करू नका, मूल रडतं आणि तुम्हीही.

खरं काळं आकाश हवं तर खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेचे, बदलापूरपुढच्या वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम. सहा-सात वर्षांच्या मुलाला अर्धी रात्र झेपते, उरलेली अर्धी तो तुमच्या मांडीवर काढतो. स्वेटर न्या, नवी मुंबईकरांना वांगणीची पहाट सोसत नाही. ठाण्यात राहणाऱ्यांना येऊर जवळ वाटतं, पण रात्री जंगलात मुलांना घेऊन आपलं आपण जाऊ नये.

आणि कधी नारायणगावकडे गेलात तर खोडदची रेडिओ दुर्बीण लांबून तरी दाखवा. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. तिला डोळा लावायची जागाच नाही. आमची दुर्बीण बोलते, ती ऐकते.

परत कधी आणि कशी द्यायची?

रविवारी सकाळी दहा ते अकरा, सायकलींच्या खोलीत. सेल काढून वेगळ्या पिशवीत, भिंगांना झाकणं लावून, तिपाईचे तिन्ही पाय मोजून. डब्यातल्या वहीत मुलाने बाल्कनीतून काय पाहिलं ते लिहायचं किंवा काढायचं, आणि ढग होते तर ढग काढायचे. तिपाईचा एक पाय सध्या हरवलेला आहे. कुणाच्या सोफ्याखाली सापडला तर वॉचमनकडे द्या.